४५१ मोठे की ४४३?

दिवाळीत घरी गेले की आमच्याकडे एक वाद ठरलेला असतो. यंदाही झाला. फराळाचं ताट पुढ्यात असतानाच मामेभावानं सुरुवात केली, "आपल्या जालन्याच्या पोरानं भाऊसाहेब निंबाळकरांना मागं टाकलं. ४५१ मोठे का ४४३? साधं गणित आहे." मामा लगेच म्हणाले, "अरे, ते एकोणीस वर्षांखालचं क्रिकेट. हे रणजी. आणि एवढा मोठा होता, तर पुढं कुठं गेला?" मग दोघंही माझ्याकडे वळले. "तू आकड्यांचीच पीएचडी करायलीस ना? सांग की मग."

तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. चकली तोंडात होती हे एक कारण. दुसरं कारण असं की, या प्रश्नात माझ्या संशोधनाचा विषय जवळजवळ जसाच्या तसा आहे, आणि तो मला चकली संपायच्या आत कुणाला समजावून सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

वाद नेमका कशाचा

आधी आकडे मांडू. डिसेंबर १९४८. पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी सामना. काठियावाड २३८ धावांत बाद. महाराष्ट्र ४ बाद ८२६, त्यात निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२ चा, म्हणजे फक्त नऊ धावा कमी. त्याच वेळी काठियावाडच्या कर्णधारानं सामना सोडून दिला आणि तो डाव तिथेच थांबला. आजही प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची ही सर्वोच्च धावसंख्या आहे.

आता २०११-१२ चा हंगाम. कूचबिहार करंडक, एकोणीस वर्षांखालील स्पर्धा. महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध जालन्याच्या विजय झोलनं नाबाद ४५१ काढल्या. वय सतरा. ब्रॅडमनच्या आकड्याला एक धाव कमी! त्या काळात जालन्यात जे कुणी शाळेत होतं, त्यांना हा आकडा आपल्या रोल नंबरसारखा पाठ आहे. सळया, बियाणं आणि मोसंबी सोडून गावाचं नाव पेपरात यायला आणखी एक कारण मिळालं होतं.

तर वाद म्हणजे ४५१ विरुद्ध ४४३. असे वाद प्रत्येक संघाच्या चाहत्यांमध्ये असतात. जुना मोठा की नवा? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर प्रा. दि. ब. देवधर, विजय हजारे, निंबाळकर, हेमंत कानिटकर, शंतनू सुगवेकर, केदार जाधव, अंकित बावणे, ऋतुराज गायकवाड. नावं एका ओळीत लावली की प्रत्येकाचा क्रम वेगळा. आणि दर काही महिन्यांनी कुणीतरी 'सर्वकालीन सर्वोत्तम' अशी यादी काढतं. या याद्यांबद्दल माझी तक्रार आहे, ती पुढे येईल. त्याआधी जरा तुरीच्या शेतात जाऊ.

बदनापूरची तूर

जालना-औरंगाबाद रस्त्यावर बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीचे बीडीएन नावाचे वाण तिथलेच, त्यातलं 'बीडीएन' म्हणजे बदनापूर. आपल्याकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी बीडीएन-७११ पेरलेली असेल.

नवा वाण जुन्यापेक्षा सरस आहे हे ठरवतात कसं? सरळ उत्तर वाटतं की एकरी उतारा बघायचा. पण समजा, एका वाणाची चाचणी २०१२ साली झाली. तो दुष्काळ जालन्यात कुणी विसरलेलं नाही, टँकरच्या मागे धावणारी माणसं सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या वर्षी या वाणानं एकरी ४ क्विंटल दिले. दुसऱ्या वाणाची चाचणी चांगल्या पावसाच्या वर्षी झाली आणि त्यानं ८ दिले. मग दुसरा दुप्पट चांगला का? कुठलाही शेतकरी म्हणेल, पावसाचं काय करता?

यावर उपाय जुना आणि साधा आहे. प्रत्येक चाचणीत एक ओळखीचा वाण सोबत पेरायचा. त्याला तुल्य वाण म्हणतात, बोलताना नुसतं 'चेक'. समजा, दुष्काळाच्या वर्षी चेकनं २ क्विंटल दिले आणि सुकाळात ७. म्हणजे पहिला वाण चेकच्या दुप्पट गेला, दुसरा सव्वापटही नाही. चार क्विंटलवाला आठ क्विंटलवाल्यापेक्षा सरस निघाला. (हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, कुठल्या प्रत्यक्ष चाचणीचे नाहीत.)

रोनाल्ड फिशरनं इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतावर शंभरेक वर्षांपूर्वी या विचाराला गणिताची बैठक दिली. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकातून शेतीसंशोधकांच्या पिढ्या ते शिकल्या. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ठिकाणी तपासलेल्या वाणांची एकमेकांशी तुलना कशी करायची, यावरच माझं काम आहे. आता 'वाण' च्या जागी 'फलंदाज' ठेवा आणि 'पाऊस' च्या जागी 'खेळपट्टी'.

चेक लावून बघू

क्रिकेटमध्ये चेक कोण? त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर खेळलेले बाकीचे सगळे फलंदाज. त्यांना दर विकेटमागे किती धावा मिळाल्या ते काढायचं आणि आपल्या माणसाच्या धावा त्याच्या किती पट आहेत ते बघायचं. मी तीन डाव घेतले. तिन्ही महाराष्ट्राचे, तिन्ही नाबाद, म्हणजे हिशोब सोपा.

पहिला निंबाळकरांचा. सामन्यात एकूण १,०६४ धावा, १४ विकेट. त्यांच्या ४४३ वजा केल्या तर उरतात ६२१. बाकीच्यांना दर विकेटमागे ४४.३६ धावा. ४४३ म्हणजे जवळपास बरोब्बर दहा पट.

दुसरा ऋतुराजचा. नोव्हेंबर २०२२, विजय हजारे करंडकाची उपांत्यपूर्व फेरी, उत्तर प्रदेशविरुद्ध १५९ चेंडूंत नाबाद २२०. एका षटकात सात षटकार मारले ते याच डावात. महाराष्ट्र ५ बाद ३३०, उत्तर प्रदेश सर्वबाद २७२. ऋतुराज वगळता ३८२ धावा आणि १५ विकेट, म्हणजे २५.४७. पट निघते ८.६.

तिसरा स्वप्नील गुगळेचा. ऑक्टोबर २०१६, वानखेडेवर दिल्लीविरुद्ध नाबाद ३५१. बावणेबरोबर ५९४ धावांची अभेद्य भागीदारी. बावणे म्हणजे आपल्या शेजारच्या पैठणचा. महाराष्ट्र २ बाद ६३५ वर डाव घोषित, उत्तरात दिल्ली ५९०, त्यात ऋषभ पंतच्या ३०८. दोन्ही संघांचे पहिले डाव धरले तर गुगळे वगळता ८७४ धावा, १२ विकेट. दर विकेटमागे ७२.८३. पट फक्त ४.८.

बघा, ३५१ हा आकडा २२० पेक्षा दीडपटीहून मोठा आहे. पण त्या दिवशी वानखेडेवर जो येत होता तो धावा करत होता, आणि अहमदाबादेत ऋतुराज सोडून महाराष्ट्राच्या बाकी सगळ्यांच्या, अवांतर धावा धरूनही, ११० झाल्या होत्या. तुरीच्या भाषेत एक सुकाळ, एक दुष्काळ. आकड्यांची यादी करणाऱ्याला ३५१ वर दिसतात आणि २२० खाली. पाऊस किती पडला होता हे यादीत कुठेच नसतं. माझी पहिली तक्रार ही.

पण चेकही बदलता येतो

इथपर्यंत वाचून मामा खूश होतील. दहा पट! निंबाळकर पहिले! थांबा.

त्याच हंगामात, त्याच पुण्यात, मार्च १९४९ मध्ये महाराष्ट्र आणि मुंबई यांचा रणजीचा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात यापेक्षा जास्त धावा जगात आजवर झालेल्या नाहीत. विकेट ३८. म्हणजे दर विकेटमागे ६२.५! शतकं नऊ.

आता मला सांगा, निंबाळकरांच्या डावासाठी चेक कोणता घ्यायचा? त्यांच्या सामन्यातल्या ४४.३६ चा, की त्या हंगामातल्या पुण्याच्या खेळपट्टीचा स्वभाव दाखवणारा ६२.५ चा? काठियावाडचे फलंदाज लवकर बाद झाले म्हणून पहिला चेक खाली आला. काठियावाडचा संघ मुंबईच्या ताकदीचा होता असं कुणी म्हणणार नाही. दुसरा चेक घेतला तर ४४३ ची पट सातवर येते, आणि ऋतुराज ८.६ घेऊन पुढे जातो.

क्रम उलटला. फलंदाज तेच, धावा त्याच, फक्त मी चेक बदलला.

देवधरांचंही तसंच. १९४० साली मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ काढल्या तेव्हा त्यांचं वय ४८ होतं. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस महाराष्ट्राचा कर्णधार होता आणि १९३९-४० व १९४०-४१ असे लागोपाठ दोन रणजी करंडक त्याच्या हाताखाली आले. वयाकडे पाहिलं की २४६ डोंगराएवढ्या वाटतात. सामन्याकडे पाहिलं की कळतं, महाराष्ट्रानं ६७५ केल्या आणि मुंबईनं ६५० नी उत्तर दिलं. पंचवीस धावांची ती आघाडीच निर्णायक ठरली. अशा सामन्यात २४६ 'फक्त' की 'तब्बल'? पंचवीसच्या फरकात अडीचशेचा वाटा आहे, तेव्हा 'तब्बल'. धावांच्या पुरात ते बेट आहे, तेव्हा 'फक्त'. दोन्ही बरोबर.

आणखी एक गोम. ऋतुराजला मिळून मिळून पन्नास षटकं होती. निंबाळकर ४९४ मिनिटं खेळले आणि प्रतिस्पर्धी कर्णधारानं हात टेकले नसते तर अजून खेळले असते. एकाला घड्याळानं थांबवलं, दुसऱ्याला समोरच्या माणसानं. दोघांची पट एकाच रकान्यात लिहायची का, हा प्रश्न मी वर हळूच टाळला होता.

म्हणून 'पट काढली, प्रश्न सुटला' असं मी म्हणणार नाही. पट काढल्यानं आपली गृहीतं उघड्यावर येतात, एवढं नक्की. नुसता ४४३ हा आकडा काहीही कबूल करत नाही. 'चेक हा घेतला तर दहा, तो घेतला तर सात' असं लिहिणारा निदान आपले पत्ते समोर टाकतो. 'सर्वकालीन' याद्यांवर माझी दुसरी तक्रार हीच आहे. त्या चेक लपवतात.

४५१ कुठे ठेवायच्या?

आता मामेभावाकडे येते. त्याच्या 'साध्या गणितात' चूक अशी की त्यानं दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे थेट शेजारी ठेवले. माझ्या कामात याला एक नाव आहे, तुटलेल्या चाचण्या. दोन चाचण्यांत एकही वाण सामाईक नसेल, तर त्यांतल्या वाणांची तुलना कुठलंही सॉफ्टवेअर करून देऊ शकत नाही. मध्ये पूल लागतो. एखादा वाण दोन्हीकडे हवा, किंवा साखळी हवी. अ आणि ब एकत्र, ब आणि क एकत्र, मग अ ची क शी तुलना जमते.

रणजीत ही साखळी बऱ्यापैकी सापडते. देवधर आणि हजारे १९३९-४० च्या विजेत्या संघात एकत्र होते. अलीकडे जाधव, बावणे, झोल २०१३-१४ च्या संघात एकत्र. बावणे आणि ऋतुराज त्यानंतर एकत्र. पण १९४८ च्या रणजीपासून २०११ च्या कूचबिहारपर्यंतची कडी थेट नाही. तिथे पूल एकच, जे खेळाडू एकोणीस वर्षांखालच्या संघातून रणजीत गेले ते. आणि त्या पुलावरून चालत गेलेल्यांपैकी एक स्वतः विजय झोल आहे. २०१३-१४ या आपल्या पहिल्याच रणजी हंगामात त्यानं त्रिपुराविरुद्ध नाबाद २०० केल्या. महाराष्ट्र त्या वर्षी अंतिम फेरीत गेला आणि कर्नाटककडून हरला. त्याच वर्षी एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता.

म्हणून ४५१ आणि ४४३ यांच्यातला आठ धावांचा फरक बोलण्याच्या लायकीचा नाही. मामाही बरोबर, पण अर्धेच. 'ते खालचं क्रिकेट' म्हणून ४५१ मोडीत काढता येत नाहीत. त्या वेगळ्या शेतातल्या आहेत, तिथला पाऊस वेगळा.

'पुढं कुठं गेला?'

मला खरं बोलायचं आहे ते मामांच्या या दुसऱ्या वाक्यावर. कारण हे वाक्य मी फक्त झोलबद्दल ऐकलेलं नाही. दहावीला बोर्डात आलेल्या पोरीबद्दल, एमपीएससीची पूर्व परीक्षा पहिल्या झटक्यात निघालेल्या पोराबद्दल, आमच्याकडे कट्ट्यावर हेच विचारतात. त्यात एक हलकीशी मजा असते. पडला म्हणून.

आता चाचणीच्या शेतात परत चला. पहिल्या वर्षी चाळीस नवे वाण पेरले. सगळ्यात वरचा आला त्याला पुढच्या वर्षी पुन्हा पेरलं. बहुतेक वेळा काय होतं? तो खाली येतो. बिघडला म्हणून नव्हे. पहिल्या वर्षी तो सगळ्यात वर आला त्यात त्याचा गुण होता आणि थोडं नशीबही होतं. जमिनीचा बरा तुकडा, वेळेवर आलेली एक सर. आपण त्याला निवडलंच मुळी त्या शिखरावरून. दुसऱ्या वर्षी गुण टिकतो, सर परत येईलच असं नाही. गॉल्टननं १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सहसा तेवढी नाही. आम्ही तर अशा पहिल्या नंबरच्या वाणाचा आकडा लिहितानाच थोडा सरासरीकडे ओढून घेतो, कारण माहीत असतं की तो फुगलेला आहे.

विजय झोल आपल्याला माहीत झाला ४५१ मुळे. देशभरात त्या स्पर्धेत खेळल्या गेलेल्या हजारो डावांतला तो सगळ्यात उंच डाव, आणि आपण नेमका तोच त्याचा 'चेक' धरला. मग पुढचा प्रत्येक डाव त्या मापानं छोटाच दिसणार. ब्रॅडमनही प्रत्येक डावात ४५२ करत नव्हते. त्याची कारकीर्द आपल्याला वाटली होती तेवढी उंच गेली नाही हे खरं आहे, पण 'तेवढी' हे माप आपलं होतं.

आणि 'पुढे जाणं' म्हणजे काय धरायचं? निंबाळकरांनी प्रथम श्रेणीत ४,८४१ धावा केल्या, सरासरी ४७.९३. अधिकृत कसोटी एकही नाही. १९८८-८९ मध्ये सुगवेकर मध्य प्रदेशविरुद्ध २९९ वर नाबाद राहिला. त्रिशतकाला एक धाव कमी, कारकिर्दीची सरासरी साठीच्या वर. भारताकडून एकही सामना नाही. केदार जाधवनं २०१३-१४ मध्ये एका रणजी हंगामात १,२२३ धावा केल्या, तेव्हा कुठे वयाच्या २९ व्या वर्षी भारताची टोपी मिळाली. 'भारताकडून खेळला का' ही मोजपट्टी फलंदाजाइतकीच निवड समितीलाही मोजते, आणि त्या वर्षी संघात किती जागा रिकाम्या होत्या त्यालाही. चांगला वाण आहे, पण बियाणं वाटपाच्या यादीत आलाच नाही, असं शेतीतही होतं. त्याला कुणी 'वाया गेला' म्हणत नाही.

माझं उत्तर

एका डावापुरतं विचाराल तर मी निंबाळकर आणि ऋतुराज दोघांना वर ठेवते आणि त्यांच्यात क्रम लावत नाही, कारण तो क्रम माझ्या चेकवर उभा आहे. हंगामापुरतं विचाराल तर या सगळ्यांत माझं मत जाधवच्या २०१३-१४ ला. एका डावातल्या धावांपेक्षा हंगामभर टिकलेल्या धावांवर माझा जास्त भरवसा आहे. त्यात सुकाळ-दुष्काळ दोन्ही येऊन जातात.

आणि ४५१? त्या मी कुणाच्या वर किंवा खाली ठेवत नाही. जालन्याच्या मैदानावर खेळणारा एक सतरा वर्षांचा मुलगा अख्ख्या देशाच्या स्पर्धेत सगळ्यात मोठा डाव खेळू शकतो, एवढं त्या आकड्यानं सिद्ध केलं. त्याच्याकडून आणखी काही सिद्ध करून घ्यायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

हे सगळं काल मामांना फोनवर सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "बरं, ते राहू दे. यंदा ७११ टाकू का दुसरं काही?" मी म्हटलं, "बांधाकडच्या दोन ओळी जुन्याच्या ठेवा मामा, म्हणजे पुढच्या वर्षी आपल्याला बोलता येईल."